सगळं करूनही कुत्रा संध्याकाळीच का धापा टाकतो? आधी घड्याळ बघा

प्रॉब्लेम आधी नीट सांगतो. उन्हाळा लागला की आमचा ढब्बू (लॅब्रेडॉर, वय ७, वजन नावाला शोभेल असं) रोज संध्याकाळी साडेसात-आठला धापा टाकायला लागायचा. म्हणजे नेहमी जीभ बाहेर काढून हाहाहा करतात तसं नाही, तोंड कानापर्यंत फाकलेलं, जीभ फावड्यासारखी रुंद, लाळ दोरीसारखी लोंबतेय, जेवायला हाक मारली तर नुसता बघणार आणि परत मान टाकणार. रात्री अकराच्या पुढे हळूहळू शांत, सकाळी एकदम टकाटक, जसं काही झालंच नाही. तीन उन्हाळे हे असंच चाललं आणि तिन्ही उन्हाळे मी दुपारच्या उन्हाला शिव्या घातल्या.

दुपारचा बंदोबस्त तर कडक होता हो. अकरा ते पाच बाहेर काढायचं नाही, पडदे ओढलेले, कूलर फुल स्पीडवर, घरात तीन ठिकाणी पाणी, पसरायला गार फरशी मोकळी. दुपारी तो आरामात घोरत पडलेला असायचा. त्रास व्हायचा तो ऊन गेल्यावर. आता लिहिताना हे इतकं उघड दिसतंय की लाज वाटते, पण ज्या वेळेला त्रास होतोय त्याच्या आधीच्या तासाभरात काय घडतंय ते बघायचं असतं हे माझ्या टाळक्यात शिरायला तीन वर्षं गेली.

मग चौथ्या वर्षी एक वही केली आणि आठ दिवस लिहून काढलं. किती वाजले, त्याच्या आधी काय केलं, झोपेत श्वास किती, टेंपरेचर किती. टेंपरेचर म्हणजे थर्मामीटरने, शेपटीखालून, टोकाला जरा जेल लावून. कानाला हात लावून काही कळत नाही आणि नाक कोरडं म्हणजे ताप ही नुसती समजूत आहे, झोपून उठलेल्या बऱ्याच कुत्र्यांचं नाक कोरडंच असतं. कुत्र्याचं नॉर्मल आपल्यापेक्षा जास्त असतं, साधारण ३८.३ ते ३९.२ सेल्सिअस, फॅरनहाइटमधे १०१ ते १०२.५, त्यामुळे आपला ९८ वाला हिशोब लावून घाबरू नका. श्वास मोजायचा तो निवांत झोपलेला असताना, छाती एकदा वर-खाली म्हणजे एक, ३० सेकंद मोजून दुप्पट, आकडा ३० च्या आत हवा. धापा टाकत असताना मोजायला जाऊ नका, तेव्हा तो मिनिटाला दोन-तीनशेच्या घरात असतो आणि मोजणारा वेडा होतो.

आठ दिवसांत चित्र दिसलं. सकाळी ३८.४. दुपारी तीनला ३८.६, म्हणजे ज्या दुपारला मी शिव्या घालत होतो ती बिचारी निर्दोष. संध्याकाळी फिरून आल्यावर ४०.१. आणि खरी गंमत पुढे आहे, घरी येऊन तासभर कूलरसमोर बसवल्यावरही ३९.७. म्हणजे प्रश्न एक नव्हताच, दोन होते. चढतं कशाने आणि चढल्यावर उतरत का नाही.

चढायचं कारण सापडलं ते म्हणजे चेंडू. सूर्य बुडाला की आम्ही मैदानावर, वीस मिनिटं चेंडूफेक, दिवसभर कोंडलेलं जनावर आहे, पळू दे की जरा, असं माझं लॉजिक. पण डांबर, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक हे दिवसभर उष्णता पितात आणि अंधार पडल्यावरही तासन्‌तास ओकत राहतात, आणि कुत्र्याचं पोट त्या जमिनीपासून हातभरही वर नसतं. आपलं डोकं पाच-साडेपाच फुटांवर, तिथे वारा लागतो, आपल्याला वाटतं वा, आता किती बरं वाटतंय. त्यात पळताना स्नायू आतून उष्णता तयार करतात ती वेगळीच, तिला ऊन लागत नाही. रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या व्हेटकंपास प्रकल्पातल्या नोंदींवरून ब्रिटनमधल्या कुत्र्यांच्या उष्माघाताचा एक अभ्यास २०२० मधे आला होता, त्यात साधारण चारातल्या तीन केसेसचं कारण व्यायाम होतं, चालणं, पळणं, खेळणं, आणि ज्याची आपण सगळ्यात जास्त भीती बाळगतो ती बंद गाडी त्यामानाने फार थोड्या केसेसमधे. गाडी धोकादायक नाही असं नाही हां, त्याबद्दल खाली लिहिलंय, पण गाडीबद्दल सगळे सावध असतात आणि चेंडूबद्दल कोणीच नसतं. लॅब्रेडॉर तर चेंडू दिसला की पाय मोडेपर्यंत पळेल, दमलो म्हणून स्वतः थांबणार नाही. थांबवायचं आपण.

आता उतरत का नाही ते. यात गुन्हेगार निघाला माझा लाडका कूलर. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गादीतून, तोही नावापुरता. त्याचा खरा घाम म्हणजे धापा, तोंडातला, जिभेवरचा आणि नाकातला ओलावा हवेत उडतो आणि तो उडताना उष्णता घेऊन जातो. ओलावा उडायचा तर बाहेरची हवा कोरडी पाहिजे. आणि पाण्याचा कूलर बंद खोलीत लावला की तो काय करतो, हवेत ओलावाच भरतो. मी खिडक्या घट्ट लावून घ्यायचो, गारवा जाऊ नये म्हणून. पहिली दहा मिनिटं छान, नंतर खोली म्हणजे ओला फडका, मला चिकचिक व्हायचं आणि मी म्हणायचो आज फार उकडतंय, ढब्बूचं म्हणणं कोण ऐकतो. दिवसभर चालत नव्हतं का असं, तर चालत होतं, पण दुपारी तो थंडच होता, उतरवायला काही नव्हतंच. संध्याकाळी ४०.१ घेऊन आला की मग ती दमट खोली नडायची. समोरची खिडकी चार बोटं उघडली, हवा आत-बाहेर व्हायला लागली, त्या एका गोष्टीने मोठा फरक पडला. एसी असेल तर हा प्रश्न नाही, एसी हवेतला ओलावा काढूनच घेतो.

पंख्याबद्दलही एक गैरसमज असतो. आपल्याला पंखा गार वाटतो कारण आपल्या अंगावर घाम असतो, कुत्र्याच्या अंगावर नसतो, म्हणून कोरड्या केसांवर नुसता पंखा सोडून फार उपयोग नाही. आधी पोट, काखा, जांघा, पंजे ओले करा, मग पंखा लावा, तेव्हा तो काम करतो. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका, पाच मिनिटांत तो कोमट होतो आणि पांघरूण बनतो. टॉवेल खाली अंथरा, त्यावर झोपू दे. आणि पाइपने भिजवत असाल तर पाइपात उन्हाने तापलेलं पाणी असतं ते आधी सोडून द्या, मी एकदा तसंच धरलं होतं आणि ढब्बूने पुढचे दोन आठवडे पाइपाला बघून पलंगाखाली मुक्काम केला.

तर बदल काय केले. चेंडू पहाटे, उजाडायच्या आधी, कारण जमीन रात्रभर निवून सगळ्यात गार तेव्हाच असते. संध्याकाळी फक्त शी-शू आणि वास घेत रमतगमत चालणं, तेही नऊनंतर, रस्ता सोडून मातीवरून किंवा गवतावरून. रस्त्यावर जायचंच असेल तर हाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवून बघतो, मला टेकवत नसेल तर त्यालाही चालवत नाही. कूलर चालू तेव्हा खिडकी उघडी. बस, एवढंच. पाचव्या दिवशी संध्याकाळचं टेंपरेचर ३९ आणि जेवण नेहमीसारखं भांडं चाटूनपुसून.

वजनाचं मात्र डॉक्टरांनी मला सुनावलं आणि बरोबर सुनावलं. जाड कुत्र्याला चरबीचं पांघरूण असतं आणि श्वासालाही जोर लागतो. उन्हाळ्यात भूक थोडी कमी होणं नॉर्मल आहे, त्याला भरीला घालून खायला लावू नका, जेवणाची वेळ पहाटे आणि रात्री उशिरा सरकवा. पाण्याचा अंदाज म्हणून किलोला ५०-६० मिली दिवसाला धरतात, उन्हाळ्यात त्याहून जास्त लागतं. स्टीलचं भांडं उन्हात राहिलं की पाणी कढतं आणि मग तो पीत नाही, आणि आपण म्हणतो पाणी भरलेलंच तर आहे.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी केलेला मूर्खपणाही सांगून टाकतो, ढब्बूचे केस मशिनने साफ उडवले. माणूस टक्कल करतो ना उन्हाळ्यात, तसं. लॅब्रेडॉर, गोल्डन, हस्की, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन यांना दोन थरांचे केस असतात, वरचा थर ऊन अडवतो. तो काढला की कातडीवर थेट ऊन, आणि केस परत येतात ते कधी विरळ, कधी ठिगळ लावल्यासारखे, पॉमेरेनियन आणि हस्कीमधे तर काही वेळा महिनोन्‌महिने येतच नाहीत. त्यापेक्षा ब्रश करा, आतला मेलेला पिंजलेला थर निघाला की हवा खेळते. ज्यांचे केस सतत वाढतात आणि गुंता होतो, शिह त्झू, पूडल वगैरे, त्यांचे कापून आखूड ठेवायला हरकत नाही, पण कातडी दिसेपर्यंत नको.

चपट्या नाकाची मंडळी, पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, बॉक्सर, मांजरात पर्शियन, यांना वरचं सगळं दुप्पट लागू. त्यांची श्वासाची वाटच अरुंद, धापा टाकायला गेलं की आतला भाग सुजतो आणि वाट आणखी अरुंद होते. घोरण्यासारखा, घरघर आवाज करत धाप लागली तर तिथेच थांबा, पुढच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन बघू असं करू नका. आणि कुठल्याही कुत्र्याला तोंड बांधून ठेवणारं कापडी मुसकं घालून उन्हाळ्यात फिरवू नका, त्याचा घाम येण्याचा एकुलता एक रस्ताच तुम्ही बंद करता, घालायचंच असेल तर जाळीचं, तोंड उघडता येईल असं.

गाडीचं थोडक्यात. बाहेर २४ अंश असताना बंद गाडी १० मिनिटांत ३४ ला आणि अर्ध्या तासात ४३ च्या आसपास जाते, काच बोटभर खाली ठेवून जवळपास काही फरक पडत नाही. २४ म्हणजे आपण ज्याला छान हवा म्हणतो ते. दोन मिनिटांत आलो म्हणणारा माणूस दुकानात कधीच दोन मिनिटांत आवरत नाही.

आता जे महत्त्वाचं आहे ते. रोजची धाप वेगळी आणि उष्माघात वेगळा. हिरड्या लालभडक, नंतर पांढुरक्या किंवा निळसर, झोकांड्या जाणं, उलटी, रक्ताची शी, हाक मारली तरी ओळख नाही, झटके, कोसळणं, यातलं काहीही दिसलं किंवा थर्मामीटर ४१ च्या वर, फॅरनहाइटमधे १०६ च्या आसपास गेला तर वही-बिही बाजूला. आधी गार करायचं, मग गाडीत घालायचं, हा क्रम लक्षात ठेवा कारण घाबरलेला माणूस उलटं करतो आणि रस्त्यातला अर्धा तास फुकट जातो. सावलीत घ्या, जे पाणी हाताशी आहे ते सगळ्या अंगावर ओता, थांबून थांबून नाही, सलग, आणि पंखा नाहीतर पुठ्ठ्याने वारा घाला. तरुण, धडधाकट कुत्रा असेल तर गार पाण्याच्या टबात बसवलं तरी चालतं, डोकं वर धरून. म्हातारा, हृदयाचा त्रास असलेला किंवा चपट्या नाकाचा असेल तर ओतणं आणि वारा. बर्फ शोधत बसू नका. गार पाण्याने शॉक बसतो, आधी कोमट पाणी घ्या, हे पूर्वी सांगायचे, त्यात वेळ जातो आणि इथे वेळच सगळं आहे, नळाचं पाणी त्याच्या अंगापेक्षा गारच असतं. शुद्धीत असेल तर पाणी समोर ठेवा, तोंडात ओतू नका, फुफ्फुसात जाईल. दर दोन-तीन मिनिटांनी मोजा आणि ३९.५ ला आलं की ओतणं थांबवा, नाहीतर ते आपोआप खूप खाली घसरतं. हे चालू असताना दुसऱ्या कोणालातरी डॉक्टरांना फोन लावू दे. आणि तो उठून शेपटी हलवायला लागला तरी जायचंच, कारण किडनी, आतडी आणि रक्त गोठण्याचे घोटाळे पुढच्या एक ते तीन दिवसांत बाहेर येतात.

तापावरची माणसांची गोळी देऊ नका, प्लीज. उष्माघात हा ताप नाहीच, शरीराने ठरवून वाढवलेलं टेंपरेचर नाही ते, त्यामुळे गोळीने उतरत नाही, उलट आधीच ताण आलेल्या लिव्हर-किडनीवर आणखी ओझं. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

आणखी एक गोष्ट, जी वहीमुळेच कळते. ओळखीतल्या एकांचा कुत्रा अगदी ढब्बूसारखाच, मलूल, जेवत नाही, धापा टाकतो, आणि ते म्हणाले तुझंच औषध करतो, चेंडू बंद, खिडकी उघडी. मी म्हटलं सकाळचं टेंपरेचर सांगा आधी. पहाटे पाचला, गार फरशीवर रात्रभर झोपून, ४०.२! गर्मीने चढलेलं टेंपरेचर रात्री उतरतं, पहाटेही चढलेलंच असेल तर तो उन्हाळा नाही, तो ताप आहे. गोचीड ताप निघाला, रक्त तपासल्यावर प्लेटलेट्स खूप कमी. उन्हाळ्यात गोचिडी जोरात वाढतात आणि दोन्हीची लक्षणं वरवर सारखी दिसतात म्हणून लोक आठ-आठ दिवस गर्मीवर ढकलतात. कानाच्या आत, बोटांच्या मधे, पट्ट्याखाली रोज हात फिरवा. आणि घरात मांजर असेल तर कुत्र्याचं गोचीड मारायचं मानेवर टाकायचं औषध मांजराला अजिबात लावू नका, त्यातल्या काहींमधे परमेथ्रिन असतं आणि मांजराला ते विष आहे.

मांजराचा विषय निघालाच आहे तर आमच्या काळ्या बोक्याचं सांगतो. मांजर उन्हाळा आपल्यापेक्षा हुशारीने काढतं, गार कोपरा शोधून पसरतं, अंग चाटून ओलं करतं, तिथे आपण शिकवायचं काही नाही. पण मांजराने तोंड उघडून धाप टाकली तर ते कुत्र्यासारखं सहज घ्यायचं नाही, मांजराच्या बाबतीत ती गडबडच समजा. नेहमी होणारा त्रास मात्र लघवीचा. मांजराला मुळात तहान कमी, कोरड्या खाण्यात पाणी जेमतेम दहा टक्के, ओल्या खाण्यात ७५-८० टक्के. उन्हाळ्यात कोरड्यावरच ठेवलेला बोका ट्रेमधे परत परत बसतो, कुंथतो, ओरडतो आणि थेंब येत नाही, घरचे म्हणतात बद्धकोष्ठ झालंय. लघवी अडकलेली असते, एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो, त्याच दिवशी डॉक्टर, रात्र झाली असेल तर रात्रीच. आम्ही काळ्याला ओलं खाणं चालू केलं, पाण्याचं भांडं खाण्यापासून लांब नेलं आणि पसरट घेतलं, मिशा कडेला घासल्या की तो पीत नव्हता हे फार उशिरा कळलं. आणि हवेसाठी खिडक्या उघड्या टाकता ना, जाळी बसवा, मांजर पडत नाही ही अफवा आहे. पांढऱ्या कानाचं मांजर उन्हात लोळत असेल तर कानाचं टोक भाजतं, वर्षानुवर्षं तसं होत राहिलं तर तिथे कॅन्सर होऊ शकतो, तेव्हा दुपारी खिडकीतून हुसकवा.

बाकीच्यांचं पटकन. ससा कानांतून उष्णता सोडतो आणि २८-३० अंशांच्या पुढे त्याला झेपत नाही, पाण्याची बाटली गोठवून कापडात गुंडाळून शेजारी ठेवा, कान ओल्या बोटांनी पुसा, पण त्याला पाण्यात बुडवू नका, भीतीनेच जाईल. गिनी पिगला पण तेच. पक्षी चोच उघडी ठेवून पंख अंगापासून लांब धरून बसला तर त्याला गरम होतंय, पिंजरा सकाळी सावलीत होता म्हणून चार वाजता असेलच असं नाही, ऊन सरकतं. अंघोळीला पसरट वाटी द्या. माशांचं वेगळंच, पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २० अंशांना लिटरमधे ९ मिलिग्रॅम तर ३० ला साडेसात, म्हणून मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. एअर पंप वाढवा, लाइट कमी वेळ लावा, खाणं कमी टाका, टाकीत बर्फाचे खडे टाकू नका, एकदम गार झालं तर त्यानेच मरतात, बंद बाटलीत गोठवलेलं पाणी तरंगत सोडा आणि एक-दोन अंशच उतरू द्या.

वही अजून चालू आहे, आता रोज नाही लिहीत, हवा बदलली की दोन-तीन दिवस. काल संध्याकाळी सातला ३८.९. चेंडू तोंडात घेऊन दारात उभा होता, पट्टा पण स्वतःच ओढून आणलेला. नाही दिला, पहाटे पाचला या म्हटलं. आज पावणेपाचलाच माझ्या तोंडावर पंजा.